राजीनामा न दिलेला माणूस

पाटनची जमीन काळी, भारी आणि हट्टी आहे. जबलपूर जिल्ह्याच्या या भागाला ‘हवेली’ म्हणतात. इथली जुनी शेती बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटावी अशी आहे. शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालायचा, पावसाळाभर पाणी आत कोंडून ठेवायचे, आणि पाऊस सरल्यावर बांध फोडून त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. बांध केव्हा फोडावा हे ठरवणे हीच या शेतीतली खरी परीक्षा. आधी फोडला तर ओल हाती लागत नाही, उशिरा फोडला तर पेरणी हुकते. शिवाय आपले सोडलेले पाणी शेजाऱ्याच्या शेतात उतरते. त्यामुळे हा निर्णय कुणालाच एकट्याने घेता येत नाही.

याच पाटनमध्ये १८५७च्या सप्टेंबरात एक वेगळाच बांध फुटला होता. १८ सप्टेंबरला जबलपुरात गोंड राजघराण्यातील वृद्ध राजे शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी पेटत असतानाही जबलपूरची ५२वी पलटण एक पलटण म्हणून तोवर शांत राहिली होती. त्या रात्री मात्र ती छावणी सोडून निघाली आणि पाटनला आली. येथे असलेल्या तिच्याच एका तुकडीचा अधिकारी, लेफ्टनंट मॅकग्रेगर, शिपायांच्या हाती सापडला आणि पुढे कटंगीजवळ मारला गेला. वाटेत त्यांनी आपल्या कर्नलला पत्र पाठवून त्याच्या बदल्यात मागे राहिलेले आपले सोबती मागितले होते. शिपायाने मिठाची शपथ घेतलेली असते. ती शपथ चार महिने टिकली आणि एका दुपारनंतर टिकली नाही. तिचे काय झाले हे समजायला कठीण नाही. शपथ मोडणारा शिपाई छावणी सोडतो. त्याने काय केले हे त्यालाही कळते आणि जगालाही. त्याच्याविषयीचा निवाडा आपण सहज करतो. अवघड जातो तो दुसऱ्याविषयीचा निवाडा: ज्याने मनातून शपथ मोडली पण छावणी सोडली नाही, ज्याने गणवेश अंगावर ठेवला, पगार घेतला, वरिष्ठांना नमस्कार केला आणि रात्री त्यांच्याच विरुद्ध कट रचला.

असा एक माणूस माझ्या मनात पुष्कळ वर्षे घर करून आहे. तो जर्मन होता, सरदार घराण्यातला होता, हिटलरच्या परराष्ट्र खात्यात अधिकारी होता. पाटनशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सुभाषबाबूंच्या मार्गाने येतो. १९३२च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस यांना कल्याण स्थानकावर अटक झाली. त्यांना प्रथम सिवनीच्या आणि मग जबलपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. त्या तुरुंगाला आज त्यांचेच नाव आहे. सात वर्षांनी, मार्च १९३९मध्ये, ते पुन्हा जबलपुराजवळ आले ते त्रिपुरी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून. गांधीजींच्या पसंतीचे पट्टाभी सीतारामय्या यांना त्यांनी १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवले होते. अधिवेशन बावन्नावे, म्हणून अध्यक्षांच्या मिरवणुकीला बावन्न हत्ती; पण अध्यक्ष तापाने फणफणलेले, म्हणून मिरवणुकीत मिरवली ती त्यांची तसबीर. त्यांचे भाषण शरदबाबूंनी वाचून दाखवले. पुढच्याच महिन्यात, २९ एप्रिलला, सुभाषबाबूंनी कलकत्त्यात अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. आयुष्यातला हा त्यांचा दुसरा मोठा राजीनामा होता. पहिला त्यांनी १९२१ साली आय.सी.एस.चा दिला होता. त्यांच्या स्वभावातच ती धार होती: जिथे मन नाही तिथे खुर्ची नको.

या राजीनामा देणाऱ्या माणसाची १९४१ साली बर्लिनमध्ये गाठ पडली ती राजीनामा न देणाऱ्या माणसाशी. त्याचे नाव आडाम फॉन ट्रॉट त्सु झोल्ट्स.

ट्रॉटचा जन्म ९ ऑगस्ट १९०९चा, पॉट्सडॅमचा. वडील प्रशियाच्या राज्यात शिक्षणमंत्री होते. आईच्या आईकडून त्याचा वंश अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांच्यापर्यंत पोचत होता. हेस प्रांतातले इम्सहाउझेन हे घराण्याचे मूळ गाव; जंगल, जुना वाडा आणि पिढ्यान्‌पिढ्या राज्याच्या सेवेत घालवलेले पुरुष. आपल्याकडच्या एखाद्या जहागीरदार-कारभारी घराण्याची कल्पना केली तर ती फारशी चुकणार नाही. सत्ता कोणाचीही असो, राज्य आपले आहे, आणि ते चालवणे हा आपला कुळाचार आहे, अशी या घराण्यांची समजूत असते. ट्रॉटने कायद्याचा अभ्यास केला, हेगेलच्या राज्यविषयक तत्त्वज्ञानावर आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावर प्रबंध लिहिला, आणि १९३१ साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन तो ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात दाखल झाला. उंच, देखणा, बोलका. आयझाया बर्लिनसारखे मित्र त्याला मिळाले. स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या घरी त्याची ये-जा होती.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा ट्रॉट इंग्लंडातच होता, आणि तो परत गेला. वकिलीच्या उमेदवारीत नाझी पक्षाचे सभासद होणे त्याने टाळले, त्यामुळे त्याची प्रगती अडखळत राहिली. पण याच काळातली एक गोष्ट त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही. १९३४च्या आरंभी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये त्याने एक पत्र लिहिले. हेसमधल्या न्यायालयांत ज्यूंना अन्यायाची वागणूक मिळत नाही, असा त्याचा आशय होता. स्वतःच्या डोळ्यांसमोरच्या चार न्यायालयांपुरते ते खरे असेलही. पण देशभर काय चालले होते हे त्याला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. ऑक्सफर्डचे त्याचे ज्यू मित्र या पत्राने दुखावले गेले, आणि काहींच्या मनातली अढी शेवटपर्यंत गेली नाही. जर्मनीची अब्रू आणि हिटलरची अब्रू या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची त्याची धडपड होती. परक्या देशातले वर्तमानपत्र ही ती धडपड करण्याची जागा नव्हे, हे त्याला समजले नाही. कुळाचाराची ही किंमत असते: घर जळत असतानाही पाहुण्यांसमोर घराची निंदा करवत नाही.

१९३९ साली त्याला बाहेर राहण्याची शेवटची संधी आली. त्या उन्हाळ्यात तो लंडनला जाऊन चेंबरलेन आणि हॅलिफॅक्स यांना भेटून आला होता, आणि युद्ध सुरू झाल्यावर एका परिषदेच्या निमित्ताने अमेरिकेत पोचला होता. तेथे त्याचा माग काढला जात होता. जर्मनीत हिटलरविरोधी माणसे आहेत आणि त्यांना आधार हवा, हे त्याचे म्हणणे फार थोड्यांनी खरे मानले. मित्रांनी त्याला तिथेच राहण्याचा आग्रह केला. तो पॅसिफिक ओलांडून, जपान आणि सैबेरियामार्गे, १९४०मध्ये जर्मनीत परतला. त्याच वर्षी त्याने लग्न केले, परराष्ट्र खात्यात नोकरी धरली आणि नाझी पक्षाचा सभासदही झाला. सात वर्षे जे टाळले ते त्याने आता केले, कारण त्यावाचून आत पाऊल ठेवता येत नव्हते.

मला इथे नेहमी विदुराची आठवण होते. धृतराष्ट्राच्या दरबारातला मंत्री, अन्न त्याच घरचे, आणि लाक्षागृहाकडे निघालेल्या युधिष्ठिराला इतरांना न कळणाऱ्या भाषेत धोक्याची सूचना देणारा माणूसही तोच. विदुराला कोणी राजद्रोही म्हणत नाही. त्याच दरबारात भीष्मही आहेत. आपण कौरवांच्या अर्थाने बांधलेले आहोत अशी कबुली त्यांनी युद्धारंभी दिली, मनाने ते पांडवांकडे राहिले आणि बाणांनी कौरवांकडे. इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये भीष्मांच्या थोरवीची जी निर्दय तपासणी केली, ती वाचल्यावर या बांधिलकीकडे पूर्वीच्या भक्तिभावाने पाहता येत नाही. (इरावतीबाईंनी आपली डॉक्टरेट बर्लिनमध्येच, १९३०च्या सुमारास, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली केली होती. तेच फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. कवट्यांच्या मोजमापातून गुरूला जे हवे होते ते या मराठी विद्यार्थिनीला सापडले नाही, आणि तिने तसे लिहिले.) विदुर आणि भीष्म हे एकाच छताखाली राहिले, एकाच राजाचे अन्न खात राहिले. दोघांतला फरक राहण्यात नाही. राहून कोणाचे काम केले, यात तो आहे. मात्र हे मोजायचे कसे, याचे उत्तर महाभारतही सोपे करून देत नाही, कारण विदुराच्या सल्ल्याने युद्ध टळले नाही, आणि द्यूतसभेत तो बोलला तरी द्रौपदी सभेत ओढून आणलीच गेली.

परराष्ट्र खात्यात ट्रॉटच्या वाट्याला आला तो हिंदुस्थान. सुभाषबाबू २ एप्रिल १९४१ रोजी ओर्लांडो मात्सोत्ता या इटालियन नावाने बर्लिनला पोचले, आणि त्यांच्या कामाची सोय पाहण्यासाठी खात्यात एक खास हिंदुस्थान विभाग स्थापन झाला. त्याचा प्रमुख ट्रॉट आणि दुय्यम आलेक्सांडर वेर्थ. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘फ्री इंडिया सेंटर’ सुरू झाले. आझाद हिंद रेडिओ आला, युद्धकैद्यांतून हिंदी सैनिकांची पलटण उभी राहिली, १९४२च्या सप्टेंबरात हॅम्बुर्गला ‘जन गण मन’चे सूर वाजले. या बर्लिनमधल्या मंडळींत एन. जी. गणपुले हे मराठी गृहस्थही होते. सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या वास्तव्यावर त्यांनी १९५९ साली लिहिलेले इंग्रजी पुस्तक त्या दिवसांची साक्ष म्हणून आजही उपयोगी पडते.

हा विभाग ट्रॉटला सोयीचा होता. हिंदुस्थानच्या नावाने त्याला स्वित्झर्लंडला, स्वीडनला, तुर्कस्तानला जाता येई, आणि तेथे तो दोस्तराष्ट्रांच्या माणसांना गाठून जर्मनीतल्या विरोधकांची बाजू मांडी. हेल्मुट फॉन मोल्टके आणि पेटर योर्क यांच्याभोवती जमलेल्या क्रायझाउ मंडळाचा तो परराष्ट्र-जाणकार होता. मोल्टकेही सरदार आणि अधिकारीच. तो लष्करी हेरखात्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचा सल्लागार होता. हिटलरनंतरचा जर्मनी कसा असावा याची चर्चा हे लोक हिटलरच्या पगारावर करीत होते.

१९४२च्या वसंतात या दुहेरी आयुष्याने जे टोक गाठले, ते कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण ते कृत्रिम म्हटले असते. मार्चमध्ये स्टॅफर्ड क्रिप्स, म्हणजे ट्रॉटच्या ऑक्सफर्डच्या दिवसांतले आदराचे स्थान, ब्रिटिश सरकारचा प्रस्ताव घेऊन दिल्लीला आले. ट्रॉटच्या विभागाच्या छत्राखाली चालणाऱ्या रेडिओवरून सुभाषबाबू त्या प्रस्तावावर घणाघात करीत होते. आणि जवळजवळ त्याच आठवड्यांत ट्रॉट व त्याचे सोबती एक निवेदन तयार करीत होते. जिनिव्हाचे विस्सर ट होफ्ट ते मे महिन्यात लंडनला घेऊन गेले आणि तेथे त्यांनी ते नेऊन दिले क्रिप्स यांनाच. दिवसा ज्याच्या शिष्टाईवर सुरुंग पेरायचे, रात्री त्याच्याच दारी मदतीची याचना पाठवायची.

यात सुभाषबाबूंची फसवणूक झाली काय? माझे उत्तर बराच काळ ‘नाही’ असे होते. सुभाषबाबूही नाझींचा उपयोगच करून घेत होते. आपण सैतानाशी हातमिळवणी करतो आहोत याची त्यांना कल्पना होती, आणि बर्लिनहून केलेल्या भाषणांत यजमानांच्या गुन्ह्यांविषयी शब्द नव्हता. दोघेही एकाच सत्तेच्या खांद्यावर बंदूक ठेवून उभे होते. पण आता ते उत्तर मला तितकेसे पटत नाही. सुमारे तीन हजार हिंदी सैनिकांनी त्या पलटणीत शपथ घेतली, आणि त्या शपथेत सुभाषबाबूंबरोबर हिटलरचेही नाव होते. ते शेतकऱ्यांचे मुलगे होते; त्यातल्या कोणाला क्रायझाउ ठाऊक नव्हते. ट्रॉटच्या प्रवासांवर ज्या हिंदुस्थानच्या नावाचे पांघरूण होते, ते पांघरूण या माणसांच्या शपथांनी विणलेले होते. सुभाषबाबूंच्या बुद्धीची ट्रॉटला कदर होती, पण माणूस म्हणून दोघांत अंतर राहिले. जवळीक झाली असती तर ट्रॉटला काही सांगावे लागले असते, म्हणूनही ते अंतर राहिले असेल, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. २० जानेवारी १९४२ रोजी वान्झे येथे ज्यूंच्या संहाराची प्रशासकीय आखणी करणारी जी बैठक झाली, तिला परराष्ट्र खात्याचाही अधिकारी हजर होता. ट्रॉटचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण इमारत तीच, शिक्के तेच, महिन्याच्या पहिल्या तारखेचा पगारही त्याच तिजोरीतला. पदावर राहणारा सज्जन माणूस पदाला एक गोष्ट नकळत देतो: त्याची सज्जनता. त्याच्याकडे बोट दाखवून इतर म्हणू शकतात की पाहा, असे लोकही आमच्यात आहेत. या देण्याचा हिशेब राजीनामा न देणाऱ्याला मांडावाच लागतो. ट्रॉटने तो मांडला होता असे मला वाटते, कारण नुसते आत राहून त्याचे समाधान झाले नाही. तो एका टोकापर्यंत गेला.

आपल्याकडे, याच मध्यप्रांतात, हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. प्रांताच्या आय.सी.एस.मधले दोन मराठी अधिकारी घ्या. आर. के. पाटील यांनी ‘भारत छोडो’च्या काळात त्या नोकरीचा राजीनामा दिला. चिंतामणराव देशमुख राहिले. १९४३च्या ऑगस्टात ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. जुलै १९४४मध्ये, स्टाउफेनबर्गचा बॉम्ब हिटलरच्या बैठकीत फुटला त्या दिवशी, चिंतामणराव अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या वतीने बसले होते, आणि इंग्लंडकडे साचलेल्या हिंदुस्थानच्या स्टर्लिंग-येण्याचा प्रश्न तेथे मांडला जात होता. सुभाषबाबू त्या वेळी ब्रह्मदेशात होते आणि इम्फाळची माघार चालू होती. कोणाची जागा बरोबर होती? १९५०मध्ये पहिले नियोजन मंडळ नेमले गेले तेव्हा पाटील आणि देशमुख दोघेही त्याचे सदस्य होते. सोडणारा आणि राहणारा एकाच मेजाशी बसले. आणि राहणाऱ्याने सहा वर्षांनी, मुंबईच्या प्रश्नावर, अर्थमंत्रिपद सोडून दाखवले.

इंग्रजी राज्यातला राजीनामा आणि नाझी राज्यातला राजीनामा यांत एक भेद आहे, तो विसरता कामा नये. पाटलांचा राजीनामा लोकांना दिसला. त्या दिसण्यातच त्याचे बळ होते. बर्लिनमध्ये १९४२ साली दिलेला राजीनामा फाईलमध्ये गेला असता, आणि देणारा आघाडीवर किंवा छावणीत. हे ट्रॉटच्या बाजूने सांगता येते. पण हेच वाक्य त्या राज्यातल्या प्रत्येक कारकुनाने, प्रत्येक न्यायाधीशाने, रेल्वेच्या प्रत्येक वेळापत्रककर्त्याने युद्धानंतर आपल्या बचावासाठी म्हटले. एकाच वाक्याने दोघांचेही समर्थन होत असेल तर त्या वाक्यावर विसंबून राहता येत नाही. माणसाने राहून काय केले आणि त्यासाठी काय गमवायची त्याची तयारी होती, एवढेच मग पाहायला उरते.

१९ जुलै १९४४च्या संध्याकाळी स्टाउफेनबर्ग ट्रॉटला भेटून गेला. दुसऱ्या दिवशी बॉम्ब फुटला, हिटलर वाचला. जूनमध्येच ट्रॉट स्वीडनला जाऊन परत आला होता; तिथे राहिला असता तर जगला असता. २५ जुलैला त्याला अटक झाली. १५ ऑगस्टला फ्रायस्लरच्या लोकन्यायालयाने त्याला देहान्त शिक्षा दिली, आणि २६ ऑगस्टला प्लोट्झेन्सेच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. वय पस्तीस. पत्नी क्लारिटाला अटक झाली, दोन लहान मुली तिच्यापासून तोडून नेल्या गेल्या. पुढे त्या परत मिळाल्या. दुय्यम अधिकारी वेर्थ वाचला, आणि त्याने पुढे सुभाषबाबूंचे चरित्र लिहिले.

माझे आजोबा १९४२ साली एका सरकारी कचेरीत कारकून होते. ऑगस्टच्या त्या आठवड्यात धरपकडीसाठी तयार झालेल्या नावांच्या यादीची स्वच्छ प्रत काढायचे काम त्यांच्याकडे आले. त्यांचे अक्षर कचेरीत सर्वांत चांगले होते. यादीतली चार माणसे ओळखीची, एक तर रामनवमीला आमच्या घरी जेवायला येणारे. आजोबांनी ती प्रत काढली. नेहमी तासाभरात होणाऱ्या कामाला त्यांनी त्या दिवशी संध्याकाळ केली, असे आजी सांगे; दौत सांडली आणि दोनदा कागद बदलावा लागला, हेही तीच सांगे. चारांपैकी दोघे त्या रात्री घरी सापडले नाहीत. दौत सांडली की सांडवली, हे आजोबांनी मुलांनाही सांगितले नाही, आणि स्वराज्य आल्यावर, जेव्हा असे सांगण्याने पुष्कळांचे भले होत होते, तेव्हाही सांगितले नाही. उरलेले दोघे जबलपूरच्या तुरुंगात गेले. रामनवमीला येणारे गृहस्थ त्यांतले एक होते.

नोकरी आजोबांनी पुरी केली. पुढे पेन्शनच्या कामासाठी ते महिन्याला जबलपूरला जात. मोटारअड्ड्यापासून कचेरीपर्यंतचा जवळचा रस्ता तुरुंगाच्या भिंतीला लागून होता. लहानपणी मी त्यांचे बोट धरून अनेकदा गेलो आहे. दरवेळी ते मैलभराचा वळसा घालून बाजारातून नेत, आणि मी दमलो म्हणून कुरकुरलो की पेढा घेऊन देत.